उपासाला चालणारी पुडी

वालूर, ता. सेलू
दि. २७ जानेवारी २०२५

चि. परमेश्वर यास,

अनेक आशीर्वाद. सौ. अर्पिता आणि चि. राजनंदिनी यांनाही सांगावेत. इकडे सगळे ठीक आहे, तुमच्याकडेही असेल असे धरून लिहितो.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर माझा आवाज चढतो असं तुझ्या आईचं म्हणणं आहे आणि माझा नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस असा माझा अनुभव आहे. पत्राला या दोन्ही अडचणी नाहीत. पोस्टमन ते हातात देऊन निघून जातो. पुढचं तू बघ.

तूर निघाली. ज्वारी हुरड्यात आली आहे. तुझ्या दुकानाचं शटर अजून तसंच बंद आहे, आता त्याच्यापुढे एक जण हुरडा विकायला बसतो. येता-जाता लोक मला विचारतात, 'परमेश्वर गंगाखेडलाच हाय का?' मी हो म्हणतो. दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये नोकरीला आहे, हे ते विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. पावणेतीन वर्षांपूर्वी जे झालं त्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही. लिहायचं आहे ते तुझ्या आईबद्दल.

ती तुला फोनवर 'बरं हाय' म्हणत असणार. रविवारी सकाळी दहा ते अकरा मी बारवेकडे फिरायला जातो. मला फिरण्याची किती आवड आहे हे तुला माहीतच आहे. त्या तासात तुम्ही मायलेक बोलता. मी विचारत नाही, ती सांगत नाही, असं सुरळीत चाललं आहे. पण ती आजारपणाचं बोलणार नाही, म्हणून मी कळवतो.

३० डिसेंबरला सकाळी अंगणात सडा टाकता टाकता ती चक्कर येऊन खाली बसली. दोन दिवसांपासून शौचाला काळी होत होती आणि तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. सेलूला नेलं, तिथून परभणीला. रक्ताची एक बाटली चढवावी लागली. पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून बघितलं. जठरात व्रण होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं. तिथला बारीक तुकडा तपासायला पाठवला, त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी सापडला. तू शिकलेला आहेस, तुला वेगळं सांगायला नको. हे जंतू बहुधा लहानपणीच पोटात शिरतात आणि वर्षानुवर्षे तिथे राहतात. कुणाला व्रण करतात, कुणाला काहीच करत नाहीत. म्हणजे दोष द्यायचाच तर जंतूला द्यावा लागेल. हे वाक्य मी डॉक्टरीणबाईंसमोर दोनदा म्हटलं. त्या लिहीत राहिल्या.

चौदा दिवसांचा कोर्स दिला. सकाळी अनशेपोटी ॲसिड कमी करणारी गोळी. जेवणानंतर दोन वेळा अँटिबायोटिक, लाल-पिवळ्या कॅप्सूल दोन आणि पांढरी गोळी एक. शिवाय दुपारी पाण्यात विरघळवून प्रोबायोटिकची पुडी. 'पुडी आधाराला आहे,' बाई म्हणाल्या, 'पोट बिघडू नये आणि कोर्स मध्येच सुटू नये म्हणून. जंतू मारणार आहेत गोळ्याच. पुडी आणि गोळ्या यांत दोन तासांचं अंतर ठेवा.' मी म्हणालो, मॅडम, मी एकतीस वर्षे सरकारी दवाखान्यात औषध निर्माता होतो. त्या म्हणाल्या, मग तर काळजीच नाही.

१२ जानेवारीला, रविवारी, कोर्स सुरू केला. वेळेवर गोळ्या वाटीत काढून देणं आणि कॅलेंडरवर खूण करणं हे काम मी माझ्याकडे घेतलं. तुझी आई चौकस आहे. पुडीत काय आहे, तिने विचारलं. मी सांगितलं, दह्यात असतात तसले जंतू, दह्याचंच समज. कॅप्सूलचं टोपण कशाचं असतं, तेही विचारलं. तेही सांगितलं. रुग्णाला पूर्ण माहिती दिली की औषध नीट घेतलं जातं, हे मी आयुष्यभर बघत आलो आहे.

तिसऱ्या दिवशी, नेमकं संक्रांतीला, पोट थोडं ढिलं झालं. पण पुडी चालू असल्यामुळे म्हण किंवा तसंही म्हण, ते आटोक्यात राहिलं. परवा कोर्स संपला. चौदा दिवस, चौदा खुणा, एकही हुकली नाही. महिन्याने तपासणी करून जंतू गेले का ते बघायचं आहे. गेलेच असणार.

हे केवळ माहितीसाठी. उत्तर आलं तर वाचीन.

बन्सीधर किशनराव
औषध निर्माता (सेवानिवृत्त)


वालूर
दि. २ मार्च २०२५

चि. परमेश्वर यास आशीर्वाद,

तुझं कार्ड ५ फेब्रुवारीला मिळालं. मायना नाही, सही नाही, एकच ओळ. 'मायनं उपासाच्या दिवशी कॅप्सूल घेतल्या का, ते बघा.' अक्षर मात्र पूर्वीसारखंच सुबक आहे.

उत्तर द्यायला जवळजवळ महिना लावला. त्याचं कारण याच पत्रात येईल.

कार्ड वाचून आधी मला राग आला. सत्तर किलोमीटरवर बसून हा मला शिकवतो, असं वाटलं. कॅलेंडर काढून पुन्हा खुणा मोजल्या. चौदा होत्या. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन तुझ्या आईला विचारलं, 'सोमवार-गुरुवारी गोळ्या घेतल्यास ना?' ती भाकरी थापत होती. तिने हात धुतले, फळीवरचा साबुदाण्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. पुन्हा भाकरी थापायला बसली.

साबुदाण्याच्या वर वर्तमानपत्रात गुंडाळून चोवीस कॅप्सूल आणि बारा पांढऱ्या गोळ्या होत्या. सहा दिवसांच्या. दोन सोमवार, दोन गुरुवार, एक चतुर्थी, एक एकादशी. औषध फेकू नये म्हणून नीट ठेवलं होतं.

'कामून?' मी विचारलं.

'तुमीच म्हनलाव की टोपन हाडा-कातड्याचं ऱ्हातंय म्हनून. उपासाला चालंल का ते?'

'आणि ही पांढरी? हिला तर टोपण नाही.'

'एकीला न्हाई म्हनायचं अन् तिच्या जोडीच्या गोळीला हो म्हनायचं, असं कसं करावं? दोगीबी ठिवल्या. पन पुडी घेतली मी. पुडी दह्याची हाय म्हनलाव तुमी, ती उपासाला चालती. गोळ्या न्हाईत म्हनून त्या दिशी दोन दोन घेतल्या.'

म्हणजे आधाराचं औषध दुप्पट आणि खरं औषध शून्य. मी रोज वाटी भरून द्यायचो, ती आत जायची, रिकामी वाटी आणून दाखवायची, मी खूण करायचो. दवाखान्याच्या खिडकीतून एकतीस वर्षे मी गोळ्या दिल्या. लाल सकाळी, पांढरी रात्री, जेवणानंतर, पुढचा या. त्यातली एकही गोळी कुणी गिळताना मी बघितलेली नाही. हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, साबुदाण्याच्या डब्यापुढे बसून कळलं. तू दुकानात चार वर्षे बसलास आणि तुला ते आधीच माहीत होतं. याचं मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

टोपणाचं मी सांगायला नको होतं. 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. पण मला 'माहीत नाही' म्हणायची सवय नाही, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. गावात मला डॉक्टरसाहेब म्हणतात आणि मी कधी ते दुरुस्त केलेलं नाही.

आता महिन्याचं कारण. डबा सापडल्यावर त्याच दिवशी परभणीला कळवायला हवं होतं. कळवलं नाही. म्हटलं, आठ दिवस तर गोळ्या पोटात गेल्या आहेत, जंतू मेलेही असतील. तपासणी चांगली आली तर कुणाला सांगायची वेळच येणार नाही. तपासणी चांगली आली नाही. काल आम्ही दोघे परभणीला गेलो. जंतू आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोर्स पूर्ण करूनही गेले नाहीत म्हणजे ते या औषधांना दाद देत नाहीत. माझं खुणांचं कॅलेंडर-पान त्यांच्या टेबलावर होतं. तुझी आई माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली आणि आम्ही बाहेर पडलो.

जिना उतरलो. रिक्षापर्यंत गेलो. तिला रिक्षात बसवलं आणि परत वर जाऊन खरं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, 'अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, निबर होतात. आता गोळ्या बदलाव्या लागतील आणि त्या दिवसातून चार वेळा आहेत. हाही कोर्स अर्धा राहिला तर माझ्याकडे द्यायला फारसं काही उरणार नाही. आणि या वयात पुन्हा रक्त गेलं तर दर वेळी परभणीपर्यंत पोचणं होईलच असं नाही.'

त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यात माझं काही नाही.

नव्या औषधांपैकी एक मागवावं लागणार आहे. ते हातात आलं की १६ मार्चला, रविवारी, सुरुवात. २९ ला शेवट, ३० ला पाडवा. कॅप्सूल यातही आहेत. या औषधानं शौचाला काळी होते, ते रक्त समजून घाबरू नये, असं त्यांनी सांगितलं. पुडी याही वेळी आहे, गोळ्यांपासून दोन तास लांब. चौदा दिवसांत उपास पाच येतात. सोमवारी चतुर्थी आली, नाहीतर सहाच झाले असते.

रिक्षात मी तुझ्या आईला म्हणालो, या चौदा दिवसांपुरते उपास सोड. ती म्हणाली, 'न्हाई सुटायचे.' मी म्हणालो, देवाला कळतं. ती म्हणाली, 'देवाला कळतंय. बाकीच्याला कळंना.'

एकादशी-चतुर्थी ती पहिल्यापासून करते. सोमवार आणि गुरुवार कधी धरले, ते मला माहीत आहे. तू दुकान बंद करून गेलास त्याच आठवड्यात. मी तेव्हाही कारण विचारलं नाही. तू नसताना तुझ्यासाठी आई उपास करते, यात विचारण्यासारखं काय आहे, असं समजून सोडून दिलं.

त्या दिवसाबद्दल मी पहिल्या पत्रात लिहिणार नाही म्हणालो होतो. एवढंच लिहितो की तेव्हाही तिची उलटी काळी झाली होती, तिच्या उशाखाली तुझ्या दुकानातलं गुडघेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं होतं आणि मी ते घेऊन तुझ्या दुकानात आलो होतो. गिऱ्हाईकं होती. मी जे बोललो ते बोललो. आता पोटात जंतू निघाला आहे, तेव्हा त्या बोलण्याला अर्थ राहिला नाही असं धरायला हरकत नसावी.

औषध मिळालं की कळवीन.

बन्सीधर किशनराव
औषध निर्माता (सेवानिवृत्त)


वालूर
दि. १० मार्च २०२५, सोमवार, एकादशी

प्रिय परमेश्वर,

आशीर्वाद. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतो आहे, धुळवडीच्या सुट्टीआधी तुला मिळायला हवं.

औषध आलं. कपाटात आहे.

काल रविवार. दहा वाजले तरी मी बारवेकडे गेलो नाही. चप्पल घातली आणि परत काढून ठेवली. तुझ्या आईने दोनदा विचारलं, 'फिरायला जायचं न्हाई का?' मी म्हणालो, गुडघा दुखतो. तेवढ्यात तुझा फोन आला. ती फोन घेऊन मागच्या दारी गेली नाही. पावणेतीन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर बोलली. माझी पत्रं तू वाचतोस, हे तेव्हा कळलं, कारण तू तिला गोळ्यांचं आणि उपासाचं बोलत होतास. तुझं मला ऐकू येत नव्हतं, तिचं येत होतं.

'तू हितं यी. ह्या घरात बसून घासभर खा. सोमवार-बिस्तरवार त्याच घडीला सोडते. म्या बोलले हाय तसं देवापुढं.'

मग तू काहीतरी म्हणालास. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, 'ते न्हाई बोलवनार. अन् तू बी तसलाच.'

फोन ठेवून ती गहू निवडायला बसली. मी थोडा वेळ पेपर वाचला. वाचला म्हणजे धरला. मग औषधांची पेटी काढली.

आता ते लिहितो, जे मी दोन पत्रांत लिहिलं नाही.

मागच्या पत्रात परभणीची हकीकत सांगताना मी एक गोष्ट गाळली. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारला होता, तुझ्या आईला. 'आजी, पूर्वी कधी दुखण्याच्या गोळ्या रोज घेत होता का?' त्यांच्या कागदावर २०२२ च्या उलटीची नोंद होती. मी पटकन म्हणालो, दोन-चार घेतल्या असतील. बाई म्हणाल्या, 'दोन-चारांनी सहसा एवढं होत नाही. जंतू आधीपासून असतो आणि त्याच पोटावर महिनोन्‌महिने रोज तसली गोळी पडली की दोन्ही मिळून रक्त काढतात. कुणी देत होतं का?' तुझ्या आईने भिंतीवरच्या पोटाच्या चित्राकडे बघितलं आणि म्हणाली, 'आठवत न्हाई.'

तिला सगळं आठवतं. तुझ्या बारशाला कुणी कोणतं कापड आणलं तेही आठवतं.

माझी निळी पत्र्याची पेटी तुला ठाऊक आहे. लहानपणी तू तिला हात लावलास की मी ओरडायचो. त्या पेटीतून मी तिला गुडघ्यांसाठी रोज संध्याकाळी एक गोळी देत होतो. चौदा महिने. सेलूहून मी स्वतः आणायचो. पोटाला सांभाळणारी गोळी सोबत द्यावी लागते, हे मला माहीत होतं. तिला ॲसिडिटीचा त्रास नाही, मग कशाला, असं मीच ठरवलं. माझ्या हातून पेटीतल्या गोळ्या संपल्या आणि मला सेलूला जायला दोन दिवस उशीर झाला, तेव्हा ती तुझ्याकडे आली. तू दोन दिल्यास. 'जेवल्यावर घे अन् अण्णांना विचारून घे,' असं तू तिला सांगितलंस, हे ती त्याच संध्याकाळी मला म्हणाली होती.

म्हणजे ज्या दिवशी मी ते पाकीट तुझ्या काउंटरवर फेकलं आणि सात-आठ माणसांसमोर 'आईच्या पोटात विष घालतोस का' म्हणालो, त्या दिवशी मला सगळं माहीत होतं. रागात चुकून बोललो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी घाबरलो होतो. सेलूच्या डॉक्टरने 'कुठल्या गोळ्या?' विचारलं आणि मला तुझ्या दुकानाचं पाकीट दाखवता आलं. तू उलट बोलला नाहीस. 'अण्णा, दोनच दिल्या,' एवढंच म्हणालास. आठ दिवसांनी शटर ओढलंस. मी थांबवलं नाही. तू गेलास म्हणजे ती गोष्टही गेली, असं वाटून मी सुटकेचा श्वास सोडला. हे लिहिताना मला लाज वाटते आणि ती वाटायलाच हवी.

जानेवारीत जंतू सापडला तेव्हाही पहिली भावना सुटकेचीच होती. परभणीहून सेलूला येताना गाडीत मी तुला लिहायचं पत्र मनात जुळवलं. दोष कुणाचाच नव्हता, जंतूचा होता, झालं गेलं विसरू. ते पहिलं पत्र तेच होतं.

काल पेटी काढून मी तुझ्या आईपुढे ठेवली. तिने जसा डबा ठेवला होता तशी. म्हणालो, 'हे मी परमेश्वरला लिहिणार आहे.'

ती गहू निवडत होती. 'लिव्हा,' म्हणाली.

'तुला माहीत होतं.'

'मला मालूम हाय. त्याला मालूम न्हाई.'

'मग इतके दिवस बोलली का नाहीस?'

'काय बोलावं? गाव तुमाला डाक्टरसायब म्हनतंय. घरच्या बाईनं तोंड उघडल्यावर काय ऱ्हायलं असतं? पोरगं बी गेलंच व्हतं, मंग तुमचं बी कशाला घालवावं?' गव्हातला एक खडा बाजूला टाकून म्हणाली, 'म्हनून देवालाच सांगितलं. दर सोमवारी, दर बिस्तरवारी. कवा तरी तुमाला ऐकू जाईल म्हनलं.'

मी ते उपास तुझ्यासाठी आहेत असं समजत होतो. ते माझ्यासाठी होते. पावणेतीन वर्षे दर आठवड्याला दोन दिवस ती माझ्यासमोर उपाशी बसत होती आणि मी तिला विचारत होतो, साबुदाणा आहे का, आणू का.

आज सकाळी सुलाबाईकडे गेलो. आपल्या गल्लीच्या टोकाची. त्या दिवशी तुझ्या दुकानात ती खोकल्याचं औषध घ्यायला उभी होती, मला तिचा चेहरा आठवतो. तिला मी सगळं सांगितलं, पेटीसकट. ती म्हणाली, 'मंग तवाच कामून बोल्ला न्हाईत, डाक्टरसायब?' 'माहीत नाही,' म्हणालो. सवय करतो आहे. सुलाबाईला सांगितलं म्हणजे वेगळी दवंडी द्यायला नको. दुपारपर्यंत स्टँडवर पोचलं. मी चहाला गेलो तेव्हा दोघे बोलायचे थांबले. त्यातला एक त्या दिवशी दुकानात होता. मी त्यालाही सांगितलं. चहा गोड होता की नव्हता, ते आठवत नाही.

हे तू माफ करावंस म्हणून केलेलं नाही. ते तुझं तू बघ. एवढ्यावर माफ करू नयेस, असंही मला वाटतं. पण तुझा राग माझ्यावर आहे आणि उपाशी ती आहे. आज एकादशीही आहे आणि सोमवारही. तोवर चालू ठेवलेली ॲसिडची गोळी आणि पुडी घेऊन ती उन्हात कुरडया घालते आहे. कुणासाठी घालतेस विचारलं तर म्हणाली, 'घरात लागत्यात.' एवढ्या कुरडया दोन माणसांना लागत नाहीत. राजनंदिनीला आवडतात का, ते मला माहीत नाही. तिला मी बघितलं तेव्हा ती पाळण्यात होती.

मी तुला बोलावतो आहे. हे वाक्य काल फोनवर हवं होतं, आज लिहितो. परमेश्वर, घरी ये. अर्पिताला आणि पोरीला घेऊन ये. गंगाखेडहून सकाळच्या गाडीनं परभणी, तिथून सेलू. सेलूच्या स्टेशनवर मी उभा राहीन. मला बघून तुला गाडीतून उतरावंसं वाटलं नाही तर तसं कळव, मी घरीच थांबेन किंवा बारवेकडे जाईन. तासाऐवजी दिवसभर बसेन. पण तू ये. ती माझ्याकडून वाटी घेईल, मला रिकामी करून दाखवील आणि मला यापुढे कधीच कळणार नाही. तुझ्यासमोर ती गिळेल.

नवा कोर्स रविवारी, १६ तारखेला सुरू करायचा आहे. अँटिबायोटिकचा पहिला डोस जेवणानंतर आहे. तुझी आई सांगते, त्या दिवशी ती तुझ्याबरोबरच जेवायला बसणार. तेव्हा पहिल्या डोसची वेळ मी कॅलेंडरवर लिहिलेली नाही. जागा मोकळी ठेवली आहे.

तुझा,
अण्णा